चाक घडवणारे चाक

तुंबा हा लाकडी चाकाचा मधला ठोकळा. त्याच्या पोटातून आस जातो, अंगावर बारा किंवा चौदा खाचा पडतात आणि त्या खाचांत आरे ठोकून बसवले जातात. आरे ठोकताना आणि पुढे ओझे पडल्यावर ठोकळा फाटू नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी कडी तापवून चढवतात. गाडीचे सगळे वजन आसावरून आधी तुंब्यावर येते आणि मग आऱ्यांत वाटले जाते. एवढे सोसणारा हा ठोकळा गोल आणि गुळगुळीत कातायचा कसा, हा प्रश्न युरोपात चाके घडवणाऱ्या सुतारांपुढे शतकानुशतके होता. लेथच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोठ्या नावांकडे बोट दाखवून दिले जाते: हेन्री मॉड्स्लीची सरकती हत्यारबैठक, थॉमस ब्लँचर्डचा नमुन्यावरून आकार उतरवणारा लेथ आणि वाफेचे इंजिन. या तिन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. पण तुंब्यापुरते पाहिले तर निर्णायक सुधारणा त्यांच्या आधीच होऊन गेली होती, असे माझे म्हणणे आहे. ती सुधारणा म्हणजे लेथपासून थोडे दूर उभे केलेले, माणसाच्या उंचीचे एक मोठे चाक. मदतनीस ते हाताने फिरवायचा आणि दोरीने त्याची गती लेथला मिळायची. या चाकाने कातणाऱ्याचे बळ वाढवले नाही. तुंब्याचा जो जडपणा तोवर कामाच्या आड येत होता, तोच कामाला लावला. पुढच्या सगळ्या सुधारणा या बदलावर उभ्या आहेत.

आधी एका गैरसमजाचा निकाल लावायला हवा. तुंबा गुळगुळीत असणे ही शोभेची बाब आहे, असे सहज वाटते. गाडी चिखलातून जाणार, तुंब्यावर वंगण आणि धूळ बसणार. मग त्याच्या अंगावर चार ओरखडे राहिले तर काय बिघडले? बिघडते ते कड्याच्या बसणीत. लोखंड तापल्यावर दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग इतके वाढते. तीस सेंटिमीटर व्यासाचे कडे ४०० अंशांनी तापवले तर त्याचा व्यास जेमतेम दीड मिलिमीटरने वाढतो. कडे तुंब्यावर चढवायला आणि थंड झाल्यावर त्याने तुंब्याला आवळायला जी काही जागा आहे, ती एवढीच. तुंबा एका बाजूने मिलिमीटरभर लंबगोल राहिला, तर कडे दोन ठिकाणी घट्ट आणि दोन ठिकाणी सैल बसते, आणि सैल जागीच लाकूड पहिल्यांदा चिरते. दुसरे कारण आऱ्यांचे. खाचा कुठे पाडायच्या, याच्या रेघा तुंबा लेथवर फिरत असतानाच त्याच्या अंगावर उमटवल्या जातात. अंग आसाशी सम नसेल तर रेघही तिरकी जाते. तीस सेंटिमीटर लांबीच्या तुंब्यात एक मिलिमीटर तिरकेपणा आला, तर दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ प्रत्येक फेऱ्यात मधल्या जागेपासून अडीच मिलिमीटर इकडे आणि अडीच मिलिमीटर तिकडे हलतो. असे चाक किलोमीटरला दोनशेहून अधिक फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आऱ्याचा सांधा थोडा पिळला जातो. गुळगुळीत आणि गोल अंग हा तुंब्याच्या टिकाऊपणाचा पाया आहे तो असा.

आता जुन्या लेथकडे वळू. लेथ हे फार प्राचीन यंत्र आहे. इजिप्तमध्ये इसवीसनपूर्व ३०० च्या सुमाराच्या पेतोसिरिसच्या समाधीत लेथवर काम करणाऱ्या दोघांचे शिल्पचित्र आहे. एकजण हत्यार धरतो आणि दुसरा दोरी ओढून काम फिरवतो. ही फिरत मागे-पुढे होणारी होती. मध्ययुगीन युरोपात दुसऱ्या माणसाची जागा लवचीक काठीने घेतली. दोरीचे एक टोक डोक्यावरच्या काठीला, मधला वेढा कामाभोवती आणि दुसरे टोक पायाखालच्या फळीला. पाय दाबला की काम कातणाऱ्याकडे फिरते आणि हत्यार लाकूड कापते. पाय उचलला की काठी दोरी वर खेचते, काम उलटे फिरते आणि तेवढ्यापुरते हत्यार मागे घ्यावे लागते. म्हणजे निम्मा वेळ कापण्याचा आणि निम्मा परतीचा. वाट्या, खुर्चीचे पाय आणि लाटण्यासारख्या वस्तूंसाठी हा लेथ उत्तम होता आणि तो शेकडो वर्षे टिकला तो उगाच नव्हे. आपल्याकडेही कातारी दोरीने किंवा धनुकलीने मागे-पुढे फिरवायच्या लेथवर खेळणी, पाळण्याचे दांडे आणि लाखकामाच्या वस्तू करत आले. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांसारखा लहान जिन्नस हातभर दोरीच्या एका ओढीत कितीतरी फेरे घेतो, आणि त्याचे वजन इतके कमी असते की दिशा बदलताना काही अडत नाही.

तुंब्याला हा हिशोब लागू पडत नाही. तीस सेंटिमीटर व्यासाच्या ठोकळ्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. पायाच्या एका दाबात दोरी साठ सेंटिमीटर सरकली आणि तिचा वेढा थेट ठोकळ्यावर असला, तर ठोकळा एका दाबात पूर्ण फेराही घेत नाही, पाऊण फेऱ्याच्या आतच थांबतो. हत्यार दर खेपेला ठोकळ्याच्या एकाच बाजूला लागत राहील आणि गोल आकार कधी येणारच नाही. यावर उपाय म्हणजे दोरी पाच सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर घेणे. मग एका दाबात जवळजवळ चार फेरे मिळतात. पण आता बळ घटते. दोरी मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर ओढते आणि हत्यार मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर कापते, म्हणून पायाच्या दाबाचा सहावा भागच धारेपर्यंत पोहोचतो. तीस किलो वजनाइतका दाब दिला तर धारेवर पाच किलो, आणि त्यातूनही काठी वाकवण्यात गेलेला हिस्सा वजा करायचा. शिवाय ठोकळ्याला दर खेपेला शून्यातून गती द्यायची, ती थांबवायची आणि उलट दिशेने पुन्हा द्यायची. सुक्या एल्म लाकडाचा तीस सेंटिमीटर व्यासाचा आणि पस्तीस सेंटिमीटर लांबीचा ठोकळा सुमारे १४ किलो भरतो. पायाने दिलेल्या श्रमाचा मोठा भाग हे १४ किलो हलवण्यात आणि थांबवण्यात जातो, कापायला उरतो तो थोडा. फेरे हवेत तर बळ सोडा आणि बळ हवे तर फेरे सोडा, ही अडचण मागे-पुढे फिरणाऱ्या लेथच्या घडणीतच आहे. कातणाऱ्याच्या कौशल्याने ती सुटत नाही.

मोठ्या चाकाने ही अडचण मुळातूनच काढली. लंडनचा मुद्रक आणि पृथ्वीगोल बनवणारा जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून कारागिरीवरच्या पुस्तिका भागाभागाने छापायला सुरुवात केली. त्यांत कातकामाचा तपशीलवार भाग आहे. काठीच्या लेथला न पेलणाऱ्या जड कामासाठी कातारी मोठे चाक वापरतात, असे तो सांगतो, आणि त्याचे कारणही नेमके देतो: काठी वर उसळताना कामात खंड पडतो, चाकामुळे काम सतत एकाच दिशेला फिरते, म्हणून हत्यार उचलावेच लागत नाही. गती साठवून ठेवणाऱ्या चाकाची कल्पना त्याहून जुनी होती. पंधराव्या शतकाच्या शेवटी लिओनार्दो दा विंचीने पायाने चालवायच्या, भुजा आणि जड चाक असलेल्या लेथचे रेखाटन केले होते. पण तुंब्यासारख्या जड कामाला एका पायाचे श्रम पुरत नाहीत. मोठे चाक वेगळ्या चौकटीवर उभे करून ते फिरवायला दुसरा माणूस लावण्यात शहाणपण होते ते यामुळे. कातणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर राहिले आणि त्याचे सगळे लक्ष हत्याराच्या धारेवर आले. एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय हलवणाऱ्या माणसाच्या हातातली पटाशी थोडी तरी डुलणारच. ही बाब छोटी वाटते, पण गुळगुळीतपणाच्या दृष्टीने ती मोठी आहे.

याचाही हिशोब मांडून पाहू. चाकाचा व्यास १८० सेंटिमीटर आणि लेथच्या पुलीचा व्यास ३० सेंटिमीटर असला, तर चाकाच्या एका फेऱ्यात तुंबा सहा फेरे घेतो. मदतनिसाने मिनिटाला तीस फेरे दिले की तुंबा मिनिटाला १८० फेऱ्यांनी फिरतो आणि त्याचा पृष्ठभाग हत्याराखालून सेकंदाला जवळजवळ तीन मीटर सरकतो. आता धारेवरचे बळ पाहा. पस्तीस सेंटिमीटरच्या दांड्यावर मदतनीस दहा किलोचा रेटा देत असेल, तर धारेपर्यंत साधारण चार किलोचा जोर पोहोचतो. काठीच्या लेथचा जोर याहून फार वेगळा नव्हता. म्हणजे मोठ्या चाकाने जोर वाढवला म्हणणे चूक आहे. फरक पडला तो साठ्यात. चाळीस किलोचे चाक, ज्याचे बहुतेक वजन काठाजवळ आहे, मिनिटाला तीस फेऱ्यांनी फिरताना सुमारे १२५ ज्यूल ऊर्जा धरून असते. फिरता तुंबा स्वतः आणखी २८ ज्यूल धरतो. आता हत्याराखाली गाठ आली आणि अर्ध्या फेऱ्यापुरता नेहमीपेक्षा चार किलो जास्त जोर लागला, तर १९ ज्यूल खर्च होतात. एकूण साठ्यातून एवढे गेले की गती सहा-सात टक्क्यांनीच घटते आणि हाताला ते जाणवेल न जाणवेल. मोठे चाक काढून टाकले आणि तुंब्याचा २८ ज्यूलचाच साठा उरला, तर तोच खर्च गती निम्म्याजवळ आणतो. जाते दळताना वरची तळी एकदा फिरू लागली की तिचा जडपणा दळणारीला साथ देतो, ओढ क्षणभर सैल पडली तरी दाणे भरडत राहतात. तुंब्याच्या बाबतीत तेच घडले. मागे-पुढे फिरताना १४ किलो वजन हे ओझे होते. एकाच दिशेला फिरताना तेच वजन भांडवल झाले.

गती सम राहण्याचा गुळगुळीतपणाशी असलेला संबंध दोन पायऱ्यांनी समजतो. पहिली पायरी जोराची. हत्यार हातात धरलेले असताना लाकडाचा रेटा आणि हाताचा रेटा यांचा तोल साधलेला असतो. गती अचानक घटली की लाकूड हत्याराला वेगळ्या रीतीने ढकलते, हात ते सावरायला जातो, जरा जास्त सावरतो आणि हत्यार खोल रुतते. पृष्ठभागावर लाट उमटते ती इथे. पुढच्या फेऱ्यात हत्यार त्याच लाटेवर चढते-उतरते आणि लाट वाढत जाते. दुसरी पायरी अंतराची. गोल तोंडाची पटाशी तुंब्याच्या लांबीवर सरकत जाते तेव्हा प्रत्येक फेऱ्याला तिची एक बारीक चरी उठते आणि दोन चऱ्यांमध्ये वरंबा राहतो. या वरंब्याची उंची एका फेऱ्यात हत्यार किती सरकले त्याच्या वर्गावर अवलंबून असते. हत्याराच्या तोंडाची त्रिज्या सहा मिलिमीटर असेल आणि दर फेऱ्याला ते एक मिलिमीटर सरकत असेल, तर वरंबा सुमारे ०.०२ मिलिमीटर राहतो, बोटाला लागतही नाही. सरकण्याचे अंतर तीन मिलिमीटर झाले की वरंबा नऊपट होतो आणि बोटाला स्पष्ट कळतो. हात तर आपल्या एकाच चालीने सरकतो. खाली तुंबा हळू झाला की दर फेऱ्यामागचे अंतर वाढते आणि वरंबे उंचावतात. म्हणून सम फिरत हीच गुळगुळीत अंगाची पहिली अट आहे. हत्यार कितीही धारदार असले तरी ती अट टळत नाही.

याला एक जाणकार आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. काठीच्या लेथवर काम दोन स्थिर टोकांच्या मध्ये फिरते. ती टोके स्वतः फिरत नाहीत, म्हणून कामाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य एकच राहतो. मोठ्या चाकाच्या लेथला मात्र बहुधा पुली बसवलेला फिरता दांडा लागतो, तो दांडा बेअरिंगमध्ये फिरतो आणि बेअरिंग झिजले की दांडा डुगडुगतो. म्हणजे सतत फिरत मिळवताना अचूक मध्य गमावला, असे हा आक्षेप सांगतो. स्थिर टोकांची अचूकता खरी आहे. आजही गोल दांडे बारीक मापात घासणारी ग्राइंडिंग यंत्रे काम स्थिर टोकांमध्येच धरतात. पण ही यंत्रेच आक्षेपाचे उत्तर आहेत. त्यांत काम स्थिर टोकांवर असते आणि तरी ते एकाच दिशेला सतत फिरते, कारण ते फिरवणारा भाग टोकाभोवती वेगळा बसवलेला असतो. दोन्ही गुण एकमेकांच्या विरोधात नाहीत. डुगडुगणारा दांडा हा बेअरिंगचा दोष आहे, सतत फिरतीचा नव्हे, आणि बेअरिंग सुधारता येते. लाकडी खोबणीच्या जागी धातूचे, झीज भरून काढता येईल असे बेअरिंग आले की तो दोष नाहीसा होतो. मागे-पुढे होणाऱ्या फिरतीचा दोष असा सुधारता येत नाही.

दुसरा आक्षेप चाके घडवणाऱ्यांच्या प्रत्यक्ष रीतीतून येतो. इंग्लंडमध्ये आसाभोवती बसणारी बिडाची नळी तुंब्यात सगळ्यात शेवटी बसवत. चाक तयार झाल्यावर तुंब्याचे पोट कोरायचे, नळी आत घालायची, चाक फिरवून पाहायचे आणि परीघ सरळ धावेपर्यंत लाकडी पाचरी ठोकून नळीचा मध्य साधायचा. चाकाचा खरा मध्य शेवटी पाचरींनी ठरणार असेल, तर तुंबा लेथवर इतका अचूक कातायची गरज काय? गरज अशी की पाचरींनी मध्य सरकवता येतो, आऱ्यांचे कोन बदलता येत नाहीत. आरे तेव्हा खाचांत ठोकून पक्के झालेले असतात. एका आऱ्याची खाच तिरकी पडली असेल तर नळी कुठेही सरकवली तरी तो आरा इतरांच्या ओळीत येत नाही. पाचरींनी उरलेसुरले दोन-चार मिलिमीटर सावरता येतात आणि एवढेच सावरायचे उरावे, ही हमी लेथने दिलेली असते. शेवटची दुरुस्ती सोपी होते ती पहिले काम नेमके झाले म्हणून.

मग वेग आणखी का वाढवला नाही? मिनिटाला १८० ऐवजी ५४० फेरे दिले असते तर काम तिप्पट झाले नसते का? इथे लाकूड आडवे येते. एल्मचा ठोकळा सगळीकडे सारखा घट्ट नसतो. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला मऊ लाकूड, आणि कच्चा ठोकळा तर गोलही नसतो. १४ किलोच्या ठोकळ्याचा वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटर दूर असला, तर १८० फेऱ्यांना तो लेथला सुमारे पाच किलोच्या जोराने हादरवतो. वेग तिप्पट केला की हा जोर नऊपट होतो, जवळजवळ ४५ किलो. लाकडी पाट असलेला लेथ एवढ्या हादऱ्याने नाचू लागतो आणि ठोकळा टोकांतून निसटला तर जीवावर बेतते. म्हणून कातणारा आधी हळू फिरवून ठोकळा गोल करायचा आणि मगच वेग वाढवायचा. पुढे ओतीव लोखंडाचे जड पाट आले तेव्हा वेग वाढवणे शक्य झाले. एल्म निवडण्याचे कारणही इथे सांगायला हवे. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे डझनभर खाचा पाडल्या तरी तो फाटत नाही. पण ज्या गुंत्यामुळे तो फाटत नाही त्याच गुंत्यामुळे तो कातायला कठीण. बोथट किंवा अडखळणारी धार तंतू कापण्याऐवजी उपसते. शिवाय लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जास्त आणि मध्याच्या दिशेने कमी आकसते, म्हणून ओल्या लाकडाचा गोल तुंबा वाळल्यावर गोल राहत नाही. चांगले कारागीर ठोकळ्यांच्या मध्यातून भोक पाडून ते वर्षानुवर्षे वाळवत आणि मगच शेवटचा हात फिरवत. लेथ कितीही सुधारला तरी ही वाट पाहणे टळले नाही, आणि तसा दावा कोणी करू नये.

आता ज्यांची नावे सुरुवातीला घेतली त्या सुधारणांकडे येऊ. मॉड्स्लीने १८०० च्या सुमारास लोखंडी लेथवर सरकती हत्यारबैठक आणि लांब स्क्रू यांची सांगड घातली. अशी बैठक त्याच्याआधी फ्रान्समध्ये वोकांसोंच्या लेथवरही होती. मॉड्स्लीने ती कारखान्याच्या रोजच्या कामाला लावली. हत्यार हातातून सुटून बैठकीत पक्के बसले आणि स्क्रूच्या चालीने सरकू लागले, म्हणजे वर सांगितलेला वरंबा दर फेऱ्याला सारखाच पडू लागला. पण स्क्रूची चाल सम ठेवून काय उपयोग, खाली काम अडखळत किंवा मागे-पुढे फिरत असेल तर? पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून मॉड्स्लीने जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे उभी केली. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या आणि ११० कारागिरांचे काम दहा माणसे करू लागली. त्या कप्प्यांची कवचे एल्मचीच होती. हे यश वाफेवर अखंड फिरणाऱ्या दांड्यांवर उभे होते. तुंब्यासाठी पुढे निघालेल्या यंत्रांत तुंब्याच्या पूर्ण आकाराचे पाते फिरत्या ठोकळ्यावर सावकाश दाबले जाई आणि सगळा घाट एकदम उतरे. असे रुंद पाते एकाच वेळी लाकडाच्या मोठ्या भागाला भिडते, म्हणून त्याला लागणारा जोरही मोठा. पाते तिरपे धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे भिडवत नेले तर जोर वाटला जातो आणि तंतू खरवडले न जाता कापले जातात. तरीही मागे भक्कम गतीचा साठा नसेल तर असे पाते ठोकळ्याला जागीच अडवते.

इथे ब्लँचर्डच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि माझ्या मुद्द्याला तो सर्वांत जवळून भिडतो. मॅसॅच्युसेट्सच्या थॉमस ब्लँचर्डने १८१९-२० मध्ये पेटंट घेतलेल्या लेथमध्ये काम हळू फिरते आणि पात्यांचे चक्र वेगाने फिरते. स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारात त्यावर बंदुकांचे दस्ते कोरले गेले आणि पुढे आरे, कुऱ्हाडीचे दांडे, बुटांचे साचे यांना तो लागू पडला. कापण्याचा वेग पात्यांकडूनच मिळत असेल, तर जड काम वेगाने फिरवण्याचा आग्रह कशाला? याचे उत्तर आकारात आहे. आऱ्याचा छेद लंबगोल असतो आणि लांबीभर बदलत जातो. असा आकार साध्या लेथवर उतरत नाही, म्हणून तिथे ब्लँचर्डची युक्ती अजोड ठरली. तुंबा मात्र सगळीकडे गोलच आहे. फिरते पाते लाकडाला तुटक तुटक टवके मारते आणि प्रत्येक टवक्याची एक उथळ खळगी मागे राहते. ती नंतर घासून काढावी लागते. स्थिर धार फिरत्या गोलाला लागली की ती तुटत नाही, फेऱ्यामागून फेरा एकच सलग काप निघतो. गोल वस्तू गुळगुळीत करायची तर वस्तू फिरावी आणि धार थांबावी, हीच रीत सरस आहे. आणि वस्तू फिरायची तर ती अखंड फिरली पाहिजे. ब्लँचर्डच्या लेथमध्येही पात्यांचे चक्र अखंड फिरते, हे विसरून चालणार नाही. साठ्याची जागा तेवढी बदलली.

तुंबा नेमका कातता येऊ लागल्याचे फळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत दिसले. जेम्स सार्व्हनने १८५७ मध्ये पेटंट घेतलेल्या चाकात लहान लाकडी तुंब्याच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या तबकड्या बसवून त्या आऱ्यांमधून रिवेटांनी आवळल्या होत्या. लाकूड एका कारखान्यात कातायचे, धातू दुसऱ्या ठिकाणी ओतायचा आणि दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत, ही अट अशा घडणीत आपोआप येते. हाताने ठाकून-ठोकून जुळवलेल्या तुंब्यावर असे करता येत नाही, कारण तिथे प्रत्येक तुंब्याचे माप थोडे वेगळे असते. गुळगुळीतपणा हा मापाचा प्रश्न आहे, हे आधी कड्याच्या उदाहरणात दिसले. इथे ते माप कारखान्या-कारखान्यांमधला करार झाले.

शेवटचा आक्षेप यंत्राचा नाही, माणसाचा आहे. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या फार्नहॅम गावी जॉर्ज स्टर्टने १८८४ मध्ये घराण्याचे चाके घडवायचे दुकान हाती घेतले आणि १९२३ मध्ये त्या दुकानावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. चाके घडवण्याच्या कलेवर याहून जिव्हाळ्याने लिहिलेले पुस्तक मला माहीत नाही. १८८९ च्या सुमारास आपण गॅसचे इंजिन, करवती आणि लेथ बसवला, धंदा त्यामुळे तगला, पण जुन्या रीतीच्या अंताची ती सुरुवात होती, असे तो लिहितो. त्याचे दुःख खरे आहे आणि त्याचे निरीक्षणही. इंजिन आल्यावर कामाची गती माणसाने ठरवायची राहिली नाही आणि लाकूड ओळखणाऱ्या हातांची गरज घटली. पण हा दोष सुधारणेच्या कोणत्या पायरीवर आला हे नीट पाहिले पाहिजे. मोठ्या चाकाने कातणाऱ्याचे कौशल्य हिरावले नाही. लाकूड तोच निवडत होता, धार तोच लावत होता, पटाशीचा कोन तोच ठरवत होता. उलट अडखळणाऱ्या फिरतीशी झगडण्यात जाणारे त्याचे श्रम मोकळे झाले. कौशल्याला धक्का पूर्ण आकाराच्या पात्याने आणि इंजिनच्या वेगाने बसला. दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्याय्य आहे. मोठ्या चाकालाही किंमत होतीच, आणि ती दांडा फिरवणाऱ्या मदतनिसाने मोजली. हे काम कंटाळवाणे, दमवणारे आणि शिकण्यासारखे काही न देणारे होते. त्याच्या हातातून तो दांडा काढून घेणाऱ्या इंजिनाबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे हेही अर्धेच सत्य ठरेल.

इंजिनाने मदतनिसाला बाजूला केले, चाकाला नाही. गॅसच्या इंजिनाला स्वतःचे जड चाक लागतेच, कारण सिलिंडरमधला स्फोटही पायाच्या दाबासारखाच तुटक असतो. मधल्या खंडात गती धरून ठेवणारे काहीतरी हवे असते. बळ कुठूनही येवो, पायातून, हातातून, वाफेतून किंवा विजेतून, गोल आणि जड वस्तू सम फिरली तरच ती गुळगुळीत कातली जाते. म्हणून तुंब्याच्या लेथची गोष्ट सांगताना पहिले श्रेय त्या मोठ्या चाकाला द्यायला हवे. ते कोणा एकाच्या नावावर नाही आणि त्याचे पेटंटही कोणी घेतले नाही. अनेक दुकानांत, अनेक कारागिरांनी जड कामापुढे हात टेकल्यावर शोधलेला तो मार्ग आहे. यंत्र सुधारायचे म्हणजे जोर वाढवायचा, असे आपण सहज धरून चालतो. तुंब्याने शिकवले ते असे की आधी वस्तूचा स्वभाव तपासावा: जी गोष्ट कामाला विरोध करते आहे तिची दिशा बदलली तर तीच कामाला येईल का, हे पाहावे. चौदा किलोच्या ठोकळ्याच्या बाबतीत ती दिशा एकच होती, पुढची, आणि ती न मोडता राखणे हीच खरी सुधारणा होती.